माणगंगेचे तीन पट्टे

माझे दाजी जालिंदर काटकर माण तालुक्यातले. पाहुण्याला पाणी द्यायचं आणि कळशीत मागे किती राहिलं ते वाकून बघायचं, अशा गावात ते वाढले. पुढची पस्तीस वर्षं नवी मुंबईत एका गोदामात सुपरवायझर म्हणून गेली. असा माणूस साठी ओलांडल्यावर बायकोला घेऊन कोयना धरणाच्या काठी आमच्या सोनवलीत राहायला आला आणि घराला पत्रे बसायच्या आधी त्याने काय घेतलं, तर मोटारबोट. मासेमारीसाठी नाही, पर्यटक फिरवायला नाही. नुसती हौस.

त्यांची बायको म्हणजे माझी धाकटी बहीण उज्ज्वला. आम्ही तिला उजू म्हणायचो. ती त्याच बोटीतून गेली, आणि गेली ती माझ्या उजव्या हातामुळे. हे वाक्य मांडायला मला बरेच महिने लागले, म्हणून ते आधीच मांडून टाकतो आणि मग कसं झालं ते सांगतो.

बोट ट्रकवरून उतरली तेव्हा निम्मं गाव धक्क्यावर जमलं होतं. पांढरी फायबरची बोट, चार माणसांपुरती, मागे बॅटरीवर चालणारं मशीन आणि त्याला वळवायचा लांब दांडा. दाजी दोन लाईफ जॅकेटं एकावर एक घालून उभे होते. त्यांना पोहता येत नव्हतं. उजू मात्र या पाण्यात वाढलेली, सातव्या वर्षी धरणाच्या पाण्याचा हा फाटा पोहून पलीकडे गेलेली पोरगी. ती हसून हसून खाली बसली.

"नाव काय ठेवायचं हो दाजी?" मी विचारलं.

"माणगंगा," ते म्हणाले. "आमची तिकडची माणगंगा वर्सातनं धा दिस वाहती. ही तरी बारा महिनं वाहू द्या की पाव्हणं."

मी स्वतः तीस वर्षं या पाण्यावर सरकारी लाँच चालवली. शाळा मास्तर, बाळंतिणी, वरातीची बँडपार्टी, सगळी माणसं मी या काठावरून त्या काठाला नेली. मग पूल झाला आणि लाँच बंद पडली. माणूस निकामी झाला की गावात त्याला पंच करतात, तसं मला जलवाहन कचेरीने साक्षीदार केलं. हौशी मोटारबोटीच्या परवान्याची चाचणी असली की उमेदवाराच्या शेजारी बसायचं आणि शेवटी सही करायची, एवढंच काम. पण गळ्यात ओळखपत्र होतं आणि मी ते चहा प्यायला जातानाही काढत नसे.

पूर्वी हौशी बोटीला कोणी काही विचारत नव्हतं. पैसे आले, बोट आली, सुटले पाण्यावर. राज्यातल्या धरणांवर सुट्टीच्या दिवशी माणसं बुडायला लागली तेव्हा नियम आले. बोटीची नोंदणी, दोन्ही अंगांना लांबून वाचता येईल असा नंबर, चालवणाऱ्याचा परवाना, आणि प्रत्येक बोटीत 'सोबती'. हे सोबती प्रकरण नीट समजून घ्यावं लागेल, कारण सगळं तिथेच अडलं आहे.

सोबती म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला बसवलेला एक डोळा, तळाला बसवलेली पाण्याचा दाब ओळखणारी बटणं, आणि मशीनच्या डब्यात बसलेला मेंदू. येणारी लाट त्याला आधी दिसते. पुढच्या चार सेकंदांत बोट कोणत्या अंगाला किती कलणार, हे तो लाट पोचायच्या आत काढतो. हिशेब चुकायला लागला तर दांडा स्वतः वळवू शकतो. मग माणूस हवाच कशाला, असं मीही विचारलं होतं. त्याचं उत्तर कचेरीच्या निरीक्षक स्वरा माने यांनी आम्हा साक्षीदारांच्या वर्गात दिलं. तिशीतली मुलगी, पण बोलणं स्वच्छ.

"सुरुवातीच्या बोटींमध्ये यंत्र आणि माणूस दोघंही एकाच वेळी दांडा ओढायचे," त्या म्हणाल्या. "यंत्र डावीकडे, घाबरलेला माणूस उजवीकडे. त्या ओढाताणीतच बोटी उलटल्या. म्हणून आता एका वेळी एकच. आणि कोण, ते चाचणीवर ठरतं."

चाचणीत कचेरीची मोठी बोट गोल गोल फिरून आडव्या लाटा उठवते. लाट आल्यापासून दांडा किती वेळात हलला, किती हलला, मशीनचा वेग किती ठेवला, हे सोबती टिपून घेतो आणि त्या माणसाच्या नावाने जपून ठेवतो. हात कच्चा असेल तर परवान्यावर एक पट्टा. अशा माणसाच्या बोटीत सोबती थांबतच नाही. आडवी लाट दिसली की दांडा घट्ट करतो आणि स्वतः चालवतो. मध्यम हाताला दोन पट्टे. आणि तीन पट्टेवाल्याला सोबती मान देतो. त्याच्या हाताला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ वाट बघतो, मध्ये पडत नाही.

"त्यामुळे काका," माने मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चाचणीत कोणाला मदत करू नका. येत नाही हे बोटीला कळलं तर ती सांभाळून घेते. येतं असं कळलं तर ती विश्वास ठेवते."

मी मान डोलावली होती. पुढे जे झालं ते मला माहीत नसल्यामुळे झालं, असं मला म्हणता येत नाही.

आता हे पट्टे कचेरीने नंबराच्या पाटीवर रंगवायला लावले, आणि तिथे आमच्या लोकांनी आपली अक्कल चालवली. पट्टे म्हणजे इभ्रत झाली. एकपट्टीवाल्याला धक्क्यावर पोरंसोरं 'बालवाडी' म्हणायची. वरच्या आळीतल्या एकाने एक पट्टा मिळाला म्हणून बोट विकून टाकली. सोयरिकीच्या बैठकीत मुलाचे पट्टे विचारल्याचं मी कानांनी ऐकलं आहे. पट्टे बोटीला काय सांगतात याची कोणाला पडली नव्हती. ते गावाला काय सांगतात, एवढंच आम्ही बघत होतो.

दाजींची चाचणी नोव्हेंबरात लागली. उजू धक्क्यावर नारळ घेऊन उभी होती. माझी बायको, शेजारीपाजारी, बिनकामाची दहा-बारा माणसं, सगळी आली होती. तीस वर्षं लाँच चालवलेल्या सर्जेराव उतेकराचे दाजी कसे चालवतात, हे सगळ्यांना बघायचं होतं. मलाही.

पहिले दोन प्रकार बरे झाले. धक्क्यावरून सुटणं, परत लागणं, समोरून बोट आली तर वाट देणं. मग कचेरीची मोठी बोट फिरायला लागली. तिच्यात माने मॅडम होत्या. पहिली आडवी लाट आली आणि दाजींनी नवशिके करतात तेच केलं. घाबरून मशीनचा वेग एकदम उतरवला आणि बोटीची पाठ लाटेकडे फिरवायला गेले. अशाने बोटीचं अंग लाटेला उघडं पडतं, आणि वेग नसला की दांडा फिरवून काही होत नाही. बोट चांगलीच कलली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

साक्षीदाराने दांड्याला हात लावायची वेळ आली तर एक लाल बटण दाबायचं असतं. बटण दाबलं की तेवढा भाग चाचणीतून वगळतात आणि उमेदवाराला एक पट्टा मिळतो. बटण माझ्या डाव्या गुडघ्याजवळ होतं.

आमच्या लाँचवर नवा माणूस शिकवायची एक रीत होती. तोंडाने शिकवत नसत. जुना माणूस नव्याच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि चालवायचा. असं महिनाभर चाललं की एक दिवस न सांगता हात काढून घ्यायचा. मला माझ्या वस्तादाने असंच शिकवलं, मी चौघांना असंच तयार केलं. त्यामुळे दाजींच्या हातावर माझा हात गेला तेव्हा मी काही लबाडी करतोय असं मला वाटलंच नाही. दुसरी लाट आली. मी दांडा वळवला, वेग थोडा वाढवला, टोक लाटेवर तिरकं घातलं. बोट अलगद वर चढली आणि उतरली.

"पाव्हणं, हात काडा आता," दाजी म्हणाले. "बघू तरी मला जमतंय का."

मी धक्क्याकडे बघितलं. उजू नारळ डोक्याच्या वर धरून नाचवत होती. लग्नानंतर पस्तीस वर्षांत मी तिला एवढी खूश बघितली नव्हती. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते.

"गप बसा," मी म्हणालो.

"आवं, काडा की. नापास तर नापास."

मी हात अजून घट्ट केला. बारा लाटा मी चालवल्या, त्यांच्या हिशेबात दाजींची पहिली लाट बुडून गेली. बटण दाबलं नाही. कागदावर 'हस्तक्षेप केला नाही' असं छापलेलं होतं, त्याखाली सही ठोकली. सोबतीने माझा तीस वर्षांचा हात टिपला आणि जालिंदर काटकर या नावाने ठेवून दिला. माणगंगेवर तीन पट्टे रंगले. उजूने स्वतःच्या हाताने रंगवले.

पुढचे चार महिने त्या दोघांनी मजा केली, हे मला सांगायलाच हवं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे. दाजी मागे दांड्यावर, उजू पुढे तोंड करून बसलेली. ती त्यांना पाण्याखाली कोणतं गाव आहे, कोणाचं शेत होतं, आईने सांगितलेलं सगळं दाखवायची. दाजी संध्याकाळी माझ्याकडे येऊन तेच मला परत सांगायचे, जसं काही मी इथला नव्हतोच. शांत पाण्यात तीन पट्टेवाला आणि एक पट्टेवाला सारखेच दिसतात, त्यामुळे सोबतीलाही कधी शंका यायचं कारण नव्हतं. मी दोनदा म्हणालो होतो की एक दिवस वाऱ्यात या माझ्याबरोबर, शिकवतो. ते म्हणाले, येऊ की. मग राहून गेलं.

मार्च लागला की रोज दुपारी तीनच्या सुमारास कांदाटीच्या खोऱ्यातून आडवा वारा सुटतो. आम्हा जुन्या माणसांना तो माहीत आहे. तिथून वळताना आम्ही टोक आधीच वाऱ्याला देऊन ठेवतो. त्या दिवशी ती दोघं पलीकडे लोणच्याला कच्ची करवंदं आणायला गेली होती. येताना त्या वळणावर वारा लागला. पहिली लाट आडवी आली. दाजींनी वेग उतरवला आणि पाठ फिरवली.

सोबतीला लाट दिसली होती. बोट कलणार हेही त्याने काढलं होतं. पण दांड्यावर अव्वल हात आहे, असं त्याच्याकडे लिहिलेलं होतं. त्याने वाट बघितली. दीड सेकंद. मग त्याने दांडा घेतला, तोवर दुसरी लाट अंगावर आली होती.

उजूच्या अंगात जॅकेट होतं. बोट उलटताना कड तिच्या डोक्याला लागली. पोहता न येणारे दाजी दोन जॅकेटांवर तरंगत तिला धरून राहिले. पाऊण तासाने एका मासेवाल्याने दोघांना काढलं. तिला त्यांनी सोडलं नव्हतं, बोटं सोडवावी लागली.

मशीनच्या डब्यातून जे लिखाण निघालं ते कचेरीत वाचून दाखवलं. चालक तीन पट्टे. यंत्रणेने नियमाप्रमाणे चालकास वेळ दिला. चालकाने अपेक्षित कृती केली नाही. प्राथमिक निष्कर्ष, अव्वल श्रेणीच्या चालकाचा निष्काळजीपणा. दाजींवर गुन्हा दाखल व्हायचा होता, त्याआधी सुनावणी ठेवली. मला चाचणीचा साक्षीदार म्हणून बोलावणं आलं.

दाजींनी या सगळ्यात स्वतःची बाजू एकदाही मांडली नाही. वाचून दाखवत होते तेव्हा मान खाली घालून 'बरोबर हाय, बरोबर हाय' म्हणत राहिले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. पत्र्याच्या घरात ते एकटे पिठलं ढवळत होते. उजूचं नारिंगी जॅकेट खुंटीला होतं. मी उंबऱ्यात बसलो.

"तुमी काय बी घोर लावून घिऊ नगा," तेच आधी म्हणाले. "त्या दिशी माज्या हातावर कुणाचा हात हुता, ह्ये मी मरंपतोर सांगणार न्हाई. तुमचं कारड जाईल. आन् सांगून काय हुनार हाय? पट्टं काय, रंगाचं पट्टं. तिला बुडवली मी."

तेव्हा मला कळलं की त्यांना माहीतच नाही. पट्टे म्हणजे गाडीच्या परवान्यासारखा नुसता कागद, असंच ते धरून चालले होते. मी उठून निघून आलो असतो तर त्यांना ते कधीच कळलं नसतं. ते तुरुंगात गेले असते, माझं ओळखपत्र गळ्यात राहिलं असतं, आणि वर त्यांनी माझे आभार मानले असते. हा विचार माझ्या मनात आला, आणि थोडा वेळ टिकलाही. लाज वाटते, पण आला.

"दाजी, पट्टं रंगाचं न्हाईत," मी म्हणालो. आणि मॅडमनी वर्गात जे सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. एकपट्टीला बोट कशी थांबत नाही, तीन पट्ट्यांना कशी थांबते. दीड सेकंद कशाचा.

त्यांनी गॅस बंद केला. डाव हातातच होता.

"म्हंजी," ते हळू म्हणाले, "मला येत न्हाई, ह्ये त्या होडीला ठावं असतं..."

"तर तिनं दांडा तुमच्या हातातनं काढून घेतला असता."

"आन् उजू?"

"आली असती घरला."

पिठल्यावर साय धरली.

"तुमाला ह्ये ठावं हुतं?"

"व्हय."

"मी हात काडा म्हणलं हुतं, दादा."

या माणसाने मला कायम चेष्टेत पाव्हणं म्हटलं होतं. दादा उजू म्हणायची.

"म्हणाला हुता," मी म्हणालो.

"दोनदा म्हणलं हुतं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर ते मागे सरकले. रागाने नाही, हातात गरम डाव होता, मला लागेल म्हणून. तेवढ्यातही त्यांनी ते बघितलं. त्यांनी मला दोन मुस्काटात मारल्या असत्या तर मी बरा झोपलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी सुनावणीत सगळं सांगितलं. माने मॅडमनी मध्येच लिहिणं थांबवलं.

"काका, बटण तुमच्या गुडघ्याजवळ होतं."

"होतं."

"मी वर्गात सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग का?"

धक्क्यावर बहीण नारळ घेऊन उभी होती म्हणून? लोक टाळ्या वाजवत होते म्हणून? सर्जेराव उतेकराच्या दाजींना बालवाडी म्हणतील म्हणून?

"पट्ट्यांसाठी," मी म्हणालो. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

ओळखपत्र तिथेच टेबलावर ठेवलं. माझा स्वतःचा परवाना कायमचा रद्द झाला, आणि माझ्यावरची केस आता कोर्टात आहे. दाजींवरचा ठपका पुसला गेला. कचेरीने त्यांना विचारलं, बोट मोडीत काढायची का? ते म्हणाले, नाही, मला परत चाचणी द्यायची आहे.

ती त्यांनी एकट्याने दिली. नवा साक्षीदार शेजारी हात बांधून बसला होता. पहिल्याच लाटेला दाजींनी वेग उतरवला, पाठ फिरवली. एक पट्टा. धक्क्यावर या वेळी कोणी हसलं नाही. जुन्या पाटीवरचे दोन पट्टे त्यांनी पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढले, पण त्यांच्या खुणा अजून उन्हात दिसतात.

आता ते रोज दुपारी तीनला निघतात. बरोबर वाऱ्याच्या वेळेला. मी धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून असतो. मला पाण्यात जायला बंदी आहे, बसायला नाही. कांदाटीच्या तोंडाशी माणगंगा पोचते, आडवी लाट येते, आणि इथूनही दिसतं की दाजी दांड्यावरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवतात. बोट स्वतः वळते. टोक लाटेवर तिरकं घालते, चढते, उतरते, पुन्हा चढते. मी घातलं असतं तसंच. मग ती संथ पाण्यात येते आणि धक्क्याला लागते. पुढच्या जागेवर उजूचं नारिंगी जॅकेट पट्ट्याने बांधलेलं असतं, ते कोरडं असतं.

दाजी दोर बांधतात, जॅकेट सोडून खांद्यावर टाकतात आणि पायऱ्या चढून माझ्या शेजारून जातात. थांबत नाहीत, बसत नाहीत, माझ्याकडे बघत नाहीत. जाता जाता रोज एवढंच म्हणतात.

"आज बी घरला आणली बगा होडीनं."